हातांनी ओळखलेला चीन

1956 साली नागपुरातून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचं नाव 'सिद्धम्' आणि विषय चीन-जपानमधल्या संस्कृत अध्ययनाचा इतिहास. डॉ. रघुवीर यांच्या संस्थेनं तो काढला होता. भारतातून बौद्ध धर्म पूर्वेकडे गेला, तेव्हा त्याच्याबरोबर 'सिद्धम्' नावाची आपली एक जुनी लिपीही गेली. जपानमधल्या शिंगोन पंथाच्या मठांत तिच्यात मंत्राक्षरं लिहिण्याची परंपरा आजही टिकून आहे. त्या लिपीचा हा सगळा प्रवास ज्यानं धुंडाळला, तो माणूस हॉलंडच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी होता. त्याचं नाव रॉबर्ट व्हान गुलिक. आज मला तुमच्याशी त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

गुलिक यांचा जन्म 1910 सालचा, हॉलंडमधल्या झुटफेन गावचा. वडील लष्करी डॉक्टर होते आणि त्यांची नोकरी डच अमलाखालच्या जावा बेटावर होती, त्यामुळे मुलाचं बालपण तिथे गेलं. मायदेशी परतल्यावर शाळेत असतानाच त्यांनी उलेनबेक या नामवंत भाषापंडितांकडे संस्कृतचे धडे घेतले. 1932 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी कालिदासाचं 'विक्रमोर्वशीय' डच भाषेत आणलं. तीन वर्षांनी उट्रेख्ट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता हयग्रीव, म्हणजे आपल्याकडचा घोड्याच्या मस्तकाचा देव चीन-जपानमध्ये कोणत्या रूपानं पुजला गेला, त्याचा शोध. त्याच वर्षी ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले आणि त्यांची पहिली नेमणूक टोकियोला झाली.

पुढची बत्तीस वर्षं त्यांनी नोकरी केली. टोकियो, युद्धकाळात चीनची राजधानी असलेलं चुंगकिंग, वॉशिंग्टन, नवी दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर आणि शेवटी राजदूत म्हणून पुन्हा टोकियो. दूतावासातलं काम म्हणजे अहवाल, वाटाघाटी, मेजवान्या. ते काम त्यांनी निष्ठेनं केलं. आणि ते संभाळून जे केलं, त्यानं मी थक्क होतो.

चीनमध्ये छिन नावाचं एक वाद्य आहे. त्याला सात तारा असतात, आणि त्या काळी त्या रेशमाच्या असत. मेजावर आडवं ठेवून ते वाजवतात. त्याचा आवाज इतका मृदू की भरल्या सभेपेक्षा एक-दोन मित्रांच्या बैठकीतच ते शोभतं. जुन्या चीनमधल्या विद्वानाच्या अभ्यासिकेत ते असायचंच. गुलिक यांना या वाद्याची ओढ लागली. त्यावरची पुस्तकं जमवून ते थांबले नाहीत. बीजिंगला जाऊन ये शी-मंग या वादकासमोर शिष्य म्हणून बसले. बोट कुठे टेकवायचं, कुठे सरकवायचं, कुठे नुसता स्पर्श करायचा, हे गुरूकडून शिकले. नंतर 1940 साली त्यांनी या वाद्याच्या परंपरेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि तो गुरूच्या स्मृतीला अर्पण केला. वाद्य हातात घेतलेल्या माणसानं लिहिलेला ग्रंथ म्हणून त्याचं मोल आजही टिकून आहे.

सुलेखनाचंही तेच. तरुणपणी हातात धरलेला कुंचला त्यांनी जन्मभर सोडला नाही. ते स्वतः मोहरा कोरत. चिनी चित्रांच्या गुंडाळ्या कशा मढवतात, कागद कसा ओळखायचा, खळ कशी लावायची, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. 1958 साली रोममधून चिनी चित्रकलेच्या पारखीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात चिनी आणि जपानी कागदांचे बेचाळीस खरेखुरे नमुने जोडले होते. कागदाचं वर्णन वाचून कागद समजत नाही, तो चिमटीत धरावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि वाचकालाही ती संधी मिळावी असं त्यांना वाटत होतं.

जगभरच्या वाचकांना ते माहीत आहेत ते मात्र रहस्यकथांमुळे. अठराव्या शतकातली एक चिनी रहस्यकादंबरी त्यांना सापडली. तिचा नायक दी रन-च्ये हा सातव्या शतकात, थांग राजवटीत, खरोखर होऊन गेलेला मुत्सद्दी आणि न्यायाधीश. गुलिक यांनी तिचा इंग्रजी अनुवाद करून 1949 साली टोकियोत स्वतःच छापून घेतला. त्या काळी चीन-जपानच्या दुकानांत पाश्चात्त्य रहस्यकथांच्या हलक्या अनुवादांचा सुळसुळाट होता. तुमच्या स्वतःच्या परंपरेत याहून सरस माल आहे, हे तिथल्या वाचकांना दाखवून द्यावं, या तळमळीनं त्यांनी त्याच न्यायाधीशाला घेऊन नव्या कथा लिहायला सुरुवात केली. पहिली नवी कादंबरी लोकांसमोर आली ती जपानी अनुवादातून, मग चिनी भाषेत, आणि इंग्रजीत त्यानंतर. कथेतली चित्रंही त्यांचीच, मिंग काळातल्या लाकडी ठशांच्या वळणाची. गुन्ह्यांचे धागे त्यांनी जुन्या चिनी ग्रंथांतून उचलले. तेराव्या शतकातल्या न्यायदानाच्या एका चिनी ग्रंथाचा त्यांनी केलेला सटीक अनुवादही 1956 सालचाच.

क्वालालंपूरच्या मुक्कामात त्यांनी घरात गिबन पाळले. लांब हातांची, बिनशेपटीची, झाडांवरच राहणारी ही वानरं पहाटे गातात. प्राचीन चिनी कवितेत आणि चित्रात गिबनला मोठा मान होता. गुलिक यांनी घरातल्या गिबनांचं वागणं बारकाईनं पाहिलं, दोन हजारांहून अधिक वर्षांचं चिनी साहित्य चाळलं आणि जंगलं तुटत गेली तसतसे गिबन दक्षिणेकडे कसे हटत गेले, याचा माग काढला. 1967 साली निघालेल्या त्या पुस्तकासोबत गिबनच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका दिली होती. गिबनच्या पूर्वीच्या वस्तीस्थानांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही या पुस्तकाकडे वळतात.

वाद्य, कुंचला, कागद, कथा, वानर. यादी वाचताना वाटेल, या माणसाचं मन एका जागी ठरत नव्हतं. मला तसं वाटत नाही. या सगळ्या छंदांत एक सूत्र आहे. जुन्या चीनमधला विद्वान दिवसा सरकारी कचेरीत न्यायनिवाडा करी आणि संध्याकाळी वाद्य वाजवी, अक्षरं लिही, चित्रं पारखी. त्या माणसाचं जग गुलिक यांना आतून समजून घ्यायचं होतं, आणि म्हणून त्यानं जे जे हातांनी केलं, ते ते त्यांनी स्वतः करून पाहिलं. परक्या देशाविषयी अहवाल लिहिणारे अधिकारी पुष्कळ असतात. त्या देशातल्या गुरूपुढे मान खाली घालून बसणारे थोडे. छंद ही फावल्या वेळाची करमणूक आहे, असं आपण सहज म्हणून जातो. गुलिक यांच्या आयुष्यात छंद हाच ज्ञानाचा रस्ता होता, आणि एका संस्कृतीला दुसऱ्या संस्कृतीनं द्यावा असा सर्वांत मोठा आदरही होता.

आणि हे सारं नोकरीच्या धबडग्यातच झालं. 24 सप्टेंबर 1967 रोजी, कर्करोगानं, हेग शहरात त्यांचं निधन झालं. वय अवघं सत्तावन्न. तेव्हाही ते राजदूतपदावरच होते. निवृत्तीचा एकही दिवस त्यांच्या वाट्याला आला नाही. निवृत्त झाल्यावर सवडीनं छिन शिकू, सवडीनं कथा लिहू, असं त्यांनी ठरवलं असतं, तर यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

आपल्याकडे किती घरांत सतार गवसणीत बांधून ठेवलेली असते! 'पोरांची शिक्षणं होऊ देत, पेन्शन सुरू होऊ दे, मग बघू.' ज्यांचं आयुष्य बदल्यांत आणि फायलींत जातं आहे, अशा प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. गुरू आजच शोधा. रोज अर्धा तास पुरेल, पण तो अर्धा तास मनापासून द्या. ज्या कामात आपला हात बसतो, त्या कामाचं जग आपल्याला आतून दिसू लागतं, आणि ते पाहण्यासाठी पेन्शनच्या कागदाची गरज नसते.