समुद्रातली हाक, कळसाडीतला फोन

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापी आपल्याकडून वाहत जाते आणि पुढे सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. आपला आणि समुद्राचा संबंध तेवढाच, असं आपण धरून चालतो. पण पाण्याबरोबर आता आपली मुलंही समुद्राकडे जाऊ लागली आहेत. कळसाडीतल्या माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा गोव्यात होड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यानं शिडाची एक जुनी छोटी होडी विकत घेतली. ती कोचीपर्यंत न्यायची, असा त्याचा मनसुबा आहे. अशा होडीवर संकटसूचक यंत्र हवंच. ते इंग्लंडमधल्या एका ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मागवावं, असं त्याच्या मनात आलं. त्या निमित्तानं मी जे समजून घेतलं, ते आज सांगणार आहे.

हे यंत्र साधारण पाण्याच्या बाटलीएवढं असतं. होडी बुडू लागली की ते सुरू करायचं. मग ते ४०६ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर सुमारे दर ५० सेकंदांनी एक छोटा संदेश आकाशात सोडतं आणि किमान ४८ तास सोडत राहतं. उपग्रह तो पकडून जमिनीवरच्या केंद्राला देतात. ही व्यवस्था १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभारायला घेतली. शीतयुद्ध चालू असताना एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले देश बुडणाऱ्या माणसासाठी एकत्र आले, ही मला मोठी गोष्ट वाटते. १९८२ मध्ये या व्यवस्थेमुळे पहिली माणसं वाचली. भारतही तिच्यात सहभागी आहे. 'इस्रो'चं केंद्र बंगळुरूला आहे, आणि समुद्रातल्या शोधाचं काम आपलं तटरक्षक दल पाहतं.

याचं मोल किती, हे २०१८ साली दिसलं. नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नावाच्या होडीतून एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं होडी उलटवली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्रानं सूत्रं हलवली, आपल्या नौदलाच्या विमानानं होडी शोधली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, तेच टॉमी दुसरे आले.

आता परदेशातून यंत्र मागवण्याचा प्रश्न. प्रत्येक यंत्रात एक ओळखक्रमांक भरलेला असतो आणि त्यात देशाचाही आकडा असतो. भारताचा ४१९. इंग्लंडमध्ये विकलेल्या यंत्रात बहुधा तिथलाच आकडा भरलेला असतो. ते यंत्र गोव्याजवळ वाजलं तर ठिकाण गोव्याचं कळेल. पण ही होडी कुणाची, हे इंग्लंडच्या वहीत शोधावं लागेल, आणि तिथं आपल्या मुलाचं नाव असणार नाही. म्हणून विकणाऱ्याकडून भारताचा क्रमांक भरून घ्यायचा आणि यंत्राची नोंद आपल्या केंद्राकडे करायची. शिवाय हे बिनतारी उपकरण आहे, तेव्हा ते आणायला कोणती परवानगी लागते, याची चौकशी पैसे भरण्याआधी करावी. आत लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे विमानानं पाठवण्यावर निर्बंध येतात. बॅटरीची मुदतही पाहावी. मुदत संपत आलेली बॅटरी स्वस्तात मिळाली तर ती स्वस्त नव्हे.

नोंदणीच्या अर्जात आणखी एक रकाना असतो: संकटात किनाऱ्यावरच्या कुणाशी संपर्क करायचा? मुलानं आपल्या आईचा, कळसाडीचा फोन लिहिला. वहिनींनी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, फोन उना ते मी काय सांगू?"

हा प्रश्न मला त्या सगळ्या यंत्राहून महत्त्वाचा वाटला. येणाऱ्या इशाऱ्यांपैकी फार मोठा भाग चुकून वाजलेल्या यंत्रांचा असतो. म्हणून केंद्र आधी घरी विचारतं: मुलगा खरंच समुद्रात आहे का? कुठून निघाला, कुठं जाणार होता? होडीवर माणसं किती? रंग कोणता? घरच्यांनी नीट सांगितलं तर शोध लवकर मार्गी लागतो. आणि यंत्र घरात पडल्या पडल्या वाजलं असेल, तर विमानं उगाच उडत नाहीत. आम्ही वहिनींसाठी मराठीत एक कागद लिहिला: होडीचं नाव, रंग, निघण्याची तारीख, थांबण्याची बंदरं, सोबतच्या माणसाचा फोन. तो आता फोनजवळ भिंतीला चिकटवला आहे. रकान्यात त्यांच्या जोडीनं शहाद्याला शिकलेल्या पुतण्याचाही फोन घातला.

आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला 'इमाम जामीन' बांधतात, कापडात गुंडाळलेलं नाणं. त्यात घरच्यांची दुआ असते. यंत्राचंही तसंच आहे. ते मागे कुणीतरी वाट पाहतंय, या भरवशावर चालतं. वाट पाहणाऱ्याचं नावच नोंदलेलं नसेल, तर नुसतं प्लॅस्टिकचं डबडं उरतं.

कोकणातल्या मच्छीमारांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळानं त्यांना ते शिकवलं. 'इस्रो'नं मच्छीमारांसाठी भारतातच वेगळं संकटसूचक यंत्र तयार केलं आणि २०१० पासून ते वापरात आलं. २०२४ च्या जानेवारीत त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात 'तुमची हाक पोचली' असा निरोप उलट होडीवर येतो. वादळात असलेल्या माणसाला एवढं कळलं तरी हातापायांत बळ येत असेल.

तेव्हा ज्यांचं माणूस पाण्यावर आहे, त्यांनी दोन गोष्टी करा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लिहून ठेवा. आणि निघण्यापूर्वी त्याला विचारून तो कागद तयार करा. भाषा तुमची असू द्या. मात्र अक्षर असं असावं, की अर्ध्या रात्री घाबरलेल्या माणसालाही ते वाचता यावं.