लस दिली, तरी गोचीड का मारायचे?

कुणी इअरफोन लावून धार काढत असेल, कुणी लोकलमध्ये लटकत असेल, कुणी अभ्यासिकेत पुस्तकाआड मोबाईल धरून ऐकत असेल. आजचा विषय गोठ्यातला आहे, पण शहरातल्यांनी लगेच स्किप करू नका. तुमच्या चहातलं दूध याच गोठ्यातून येतं.

आधी घरची गोष्ट सांगते. आम्ही फलटणकडचे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे चंद्री नावाची एचएफ संकरित गाय होती. दुसरं वेत, दिवसाला अठरा लिटर दूध. पहिल्या पावसानंतर तिनं खाणं सोडलं. ताप 106. पुढच्या पायाच्या वर, खांद्यासमोर लिंबाएवढी गाठ आली होती. आण्णा म्हणाले, "उन्हाचा त्रास आसंल, दोन दिवस बघू." त्या दोन दिवसांत दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली. मग डॉक्टरांनी रक्त काचेवर घेऊन तपासलं आणि फोनवर सांगितलं, "थायलेरिया आहे. बुपार्वाक्वोन द्या. 20 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे हिला 20 मिली."

आण्णांनी 20 मिलीची एकच बाटली आणली. तोवर शेजारच्या दावणीची गौरीही तापली होती. औषध महाग, हातात पैसे नाहीत. आण्णांनी दोघींना दहा-दहा मिली दिलं. टॉर्च मी धरली होती. माझं बायोटेक्नॉलॉजीचं एम.एससी. नुकतंच झालं होतं, अर्ध्या डोसचा अर्थ मला कळत होता, आणि तरी मी गप्प बसले. गौरी वाचली. चंद्री पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, "नुसत्या अर्ध्या डोसानं गेली असं नाही ताई, उशीरच फार झाला होता. रक्ताचं पाणी झालं होतं." ते मला धीर देत होते की खरं सांगत होते, आजही माहीत नाही. पण तेव्हापासून या किड्यामागे लागलेय.

किडा म्हणजे गोचीड नव्हे, गोचिडाच्या लाळेतून येणारा परजीवी. आपल्याकडचा हा परजीवी म्हणजे थायलेरिया ॲन्युलाटा. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला वाढायला लावतो, अगदी कॅन्सरसारखं. पेशी दुभंगली की हाही तिच्यासोबत दोन्हीकडे वाटला जातो. खांद्यासमोरची गाठ ती हीच. पुढे तो तांबड्या पेशींत उतरतो आणि गाय फिकी पडत जाते.

सगळे गोचीड हा रोग पसरवत नाहीत. गाईच्या कासेला मण्यासारखा फुगून लटकणारा निळसर गोचीड वेगळा. लाल लघवीचा बबेसिया तो पसरवतो. थायलेरियावाला म्हणजे हायलोमा. हा रक्त पिऊन खाली उतरतो आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटीत लपून कात टाकतो. म्हणजे आपण गाईच्या अंगावर फवारतो, तेव्हा त्यातले बरेच भिंतीत बसलेले असतात.

आता मुद्द्याचं. गाईच्या अंगात हा परजीवी नुसत्या स्वतःच्या कॉप्या काढतो. पण गोचिडानं रक्त प्यायलं की त्याच्या पोटात परजीवीचे नर-मादी तयार होतात आणि त्यांचं मीलन होतं. एका गाईच्या रक्तात दोन वेगळे वाण असतील, तर गोचिडाच्या पोटात त्यांची जनुकं पत्त्यांच्या कॅटसारखी पिसली जातात. बाहेर येतो तो तिसराच वाण. ट्युनिशिया आणि तुर्कस्तानातल्या जनावरांचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेक जनावरांत एकाच वेळी अनेक वाण सापडले, आणि दोन्ही देशांतले वाण एकमेकांपासून वेगळे निघाले. बाजारातून आपण एक गाय आणतो, तेव्हा तिच्या रक्तातून कुठल्या तरी दुसऱ्या गावचा अख्खा कॅट गोठ्यात येतो.

हे सगळं करणारा जीव केवढा? त्याचा जीनोम 2005 साली पूर्ण वाचला गेला. साधारण 83 लाख अक्षरं आणि 3,800 च्या आसपास जनुकं. गाईचा जीनोम याच्या तीनशेपट मोठा, तरी एवढासा जीव तिला लोळवतो.

मग लस कशी करायची? इथं पूर्व आफ्रिकेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथं या विविधतेनं शास्त्रज्ञांना चांगलंच दमवलंय. केनिया, टांझानिया, युगांडा भागात या परजीवीचा चुलतभाऊ आहे, थायलेरिया पार्व्हा. रोगाचं नाव ईस्ट कोस्ट फीव्हर. 1970 च्या दशकात केनियातल्या मुगुगा इथं एक धाडसी पद्धत तयार झाली: वासराला जिवंत परजीवीच टोचायचा आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन द्यायचं. वासरू थोडं आजारी पडतं, सावरतं आणि पुढे रोगाला पुरून उरतं.

पण एकाच वाणाची लस दिली की दुसऱ्या वाणापुढे जनावरं पडायची. म्हणून तीन वाण एकत्र केले. नावच पडलं मुगुगा कॉकटेल. ही लस बनवायची म्हणजे गोचीड पाळायचे, त्यांना रोगी जनावरांचं रक्त पाजायचं, मग ते दळून त्यातला परजीवी काढायचा आणि द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचा. हो, दळून! मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जेवत होते. गंमत म्हणजे 2015 मध्ये या तिन्ही वाणांचे जीनोम वाचले, तर त्यातले दोन जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे तिघांचं कॉकटेल खरं तर दोघांचंच होतं. तरी लस चालते. टांझानियातले मसाई पशुपालक ती विकत घेऊन वासरांना टोचतात, आणि कानात लसीचा बिल्ला असलेल्या वासराला बाजारात भाव जास्त मिळतो. ती कमी पडते ती जंगली म्हशींच्या शेजारी. या म्हशींच्या अंगात परजीवीचे इतके वेगवेगळे वाण असतात की कॉकटेलची ओळख तिथं पुरत नाही.

आपला ॲन्युलाटा या बाबतीत थोडा बरा. त्याच्या लसीसाठी परजीवी असलेल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत महिनोन् महिने वाढवतात, पुन्हा पुन्हा नव्या बाटलीत घालतात. होता होता परजीवीचा डंख जातो, पण शरीर त्याला ओळखायला शिकतं. भारतात रक्षावॅक-टी नावाची लस अशीच आहे. एका वाणाची लस इतर वाणांपासूनही बऱ्यापैकी वाचवते. पण 'वाचवते' हा शब्द नीट ऐका. ती गाईला मरू देत नाही, लागण मात्र थांबवत नाही. लस दिलेल्या गाईला गोचीड चावला की परजीवी शिरतोच, रक्तात थोडा थोडा राहतो, आणि पुढचा गोचीड तिथूनच तो उचलतो. गाय ठणठणीत, दूध चालू, आणि तिच्या रक्तात वाणांची जत्रा.

म्हणून लस दिली तरी गोचीड मारायचे. एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे: हायलोमाच्या अंड्यांत हा परजीवी उतरत नाही. गोचिडाचं पिल्लू स्वच्छ जन्मतं, त्याला रोग गाईकडूनच मिळतो. साखळी तिथं तोडता येते. आम्ही गोठ्याच्या भिंतींच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. आण्णा आधी हसले, मग स्वतःच थापी घेऊन बसले.

आता औषधाचं. बुपार्वाक्वोन परजीवीच्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनावर मारा करतं. त्या जनुकात एखादं अक्षर बदललं की औषधाला पकड मिळत नाही. ट्युनिशिया, इराण आणि सुदानमध्ये असे बदललेले परजीवी सापडलेत. अर्धा डोस दिला की कमजोर वाण मरतात आणि टणक तेवढे उरतात. मग तेच गोचिडाच्या पोटात जाऊन पुन्हा पिसले जातात. गौरी वाचली तेव्हा तिच्या अंगात काय उरलं होतं, याची तपासणी आम्ही केली नाही. तो विचार अधूनमधून डोक्यात येतो.

मागच्या भागानंतर बारामतीहून एका दादांची व्हॉइस नोट आली होती. "ताई, देशी गाय ठेवली की विषय संपला ना?" दादा, अर्धा संपतो. साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना सारखाच परजीवी टोचून पाहिलाय. साहिवाल आजारी पडली, पण सावरली. होल्स्टीनना ते जमलं नाही. पण लागण साहिवाललाही झालीच. म्हणजे देशी गाय आणि संकरित गाय एकाच गोठ्यात बांधली, तर देशीच्या रक्तातून गोचीड संकरित गाईकडे जाणार. आमच्याकडे आता दोन्ही आहेत, त्यामुळे हे स्वतःलाच सांगतेय.

गौरीची कालवड चार महिन्यांची झाली. येत्या रविवारी तिला लस टोचायला डॉक्टर येणार आहेत. दुसऱ्या दिवशीपासून लगेच संरक्षण मिळत नाही, काही आठवडे जातात, म्हणून पावसाच्या आधीच बोलावलंय. तुमच्याकडे गाभण गाय असेल तर तिला लस द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, आणि गोठ्यात भेगांत काय सापडतंय त्याचे फोटोही चालतील. जेवताना मात्र नको!