सुडाचा हिशेब

रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रांतील जंजिऱ्याकडे पाहणाऱ्यास मार्सेय बंदरासमोरील इफ दुर्गाची कल्पना सहज यावी. चोहोंकडे पाणी, आणि मोकळ्या जगाचा किनारा मात्र दृष्टीच्या टप्प्यांत! त्या दुर्गांत निरपराध असून १४ वर्षें खितपत पडलेल्या एडमंड दांतेसची कथा अलेक्झांद्र द्यूमा यानें 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरींत १८४४ ते १८४६ या काळांत क्रमशः सांगितली.

१९९८ सालीं फ्रान्समध्यें तीवरून चार भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली. नायकाची भूमिका जेरार दपार्द्यू यानें केली. मालिकेच्या अखेरीस दांतेस आणि त्याची पूर्वींची वाग्दत्त वधू मर्सेदेस यांचें पुनर्मीलन होतें. कादंबरींत मात्र तो आयदे या तरुणीसह निघून जातो व मर्सेदेस एकटीच मागें राहते. येथेंच प्रेक्षकांचीं मतें दुभंगतात. इतकें सोसल्यावर त्या जिवांना एवढें तरी सुख लाभावें, असें एका पक्षास वाटतें. दुसऱ्यास ती मूळ ग्रंथाची विटंबना वाटते.

पहिल्या पक्षाचा कळवळा खरा आहे. परंतु द्यूमानें सुडाचा हिशेब अधिक कठोरपणें मांडिला आहे. शत्रूच्या घरांतील अजाण मुलगा विषानें मरतो, तेव्हां दांतेसला स्वतःच्या न्यायाचीच शंका येते. अपराध्यांस शासन घडवितां येतें; गेलेलीं वर्षें मात्र कोणताहि खजिना परत आणीत नाहीं. मर्सेदेसचा वियोग हा त्या हानीचाच पुरावा होय. तीच परत मिळाली, तर दांतेसनें गमावलें तरी काय? मालिका पाहणाऱ्यांनीं कादंबरीचीं शेवटचीं प्रकरणें अवश्य वाचावीं, आणि मग आपला कौल द्यावा.