दोन टक्क्यांपलीकडचे देणे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त काढलेल्या अभ्यास-सहलीत, तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आज आपण ज्या आवारात जमलो आहोत, तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे मराठी राज्य नांदले. येथे इतिहासावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मला मात्र बोलायचे आहे ते नोकरदार माणसाने समाजासाठी आणि निसर्गासाठी द्यावयाच्या वेळाविषयी. आपल्यापैकी पुष्कळजण कंपन्यांत काम करतात. बऱ्याच कंपन्यांत आता ‘स्वयंसेवा दिन’ असतो. त्या दिवशी रोपे लावली जातात, किनारा स्वच्छ केला जातो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी सर्वजण आपापल्या टेबलाशी परततात. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एवढ्याने काय साधते, हा प्रश्न विचारण्यास या जागेइतकी योग्य जागा नाही.

१७९९ च्या तहाने येथील राज्यकारभार एका कंपनीकडे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या हाती किल्ला आणि त्याभोवतीचा मुलूख एवढाच उरला. अशा वेळी, १८०१ मध्ये, त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांची बाजू मांडली. छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. तेथे कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळे. आजाऱ्याला वैद्य व औषध मिळे, बाळंतिणीची काळजी घेतली जाई आणि अनाथ मुलांना पंतोजींच्या स्वाधीन करून शिकवले जाई. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्याच परंपरेतले. त्या पत्रातून ध्यानात येते ते असे : उत्पन्न नेमून दिलेले होते, हे खरे, पण छत्र चालत असे ते शिजवणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि नाडी पाहणाऱ्या माणसांमुळे. ज्याचे जे कौशल्य, तेच त्याचे देणे. तेही एका दिवसाचे नव्हे, वर्षानुवर्षांचे.

आजच्या कंपन्यांवरही समाजाचे देणे कायद्याने घातले आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी, असे ते सांगते. याच संदर्भात केंद्र शासनाने २०२१ मध्ये एक खुलासा केला. कर्मचाऱ्यांना अशा कार्यात सहभागी करून घ्यावे, परंतु त्यांनी दिलेल्या सेवेचे पैशांत मोल करून ते त्या दोन टक्क्यांत धरता येणार नाही. मला हा खुलासा फार मोलाचा वाटतो. कंपनीचे देणे कंपनीने पैशाने द्यावे. आपला वेळ मात्र कोणाच्याही हिशेबात जमा होत नाही. तो सर्वस्वी आपला आहे आणि म्हणूनच तो कोठे द्यावा, याचा विचारही आपणच केला पाहिजे.

काही उद्योगांनी हा विचार केला आहे. टाटा समूहाच्या स्वयंसेवेच्या उपक्रमात एक योजना अशी आहे की, कर्मचारी सुमारे सहा महिने, बहुधा सुटीच्या दिवशी, आपले व्यावसायिक कौशल्य एखाद्या सेवाभावी संस्थेला देतो. हिशेबनीस हिशेबाची घडी बसवून देतो, संगणक जाणणारा नोंदींची व्यवस्था लावून देतो. हातात कुदळ घेण्यापेक्षा हे कमी दिखाऊ आहे. परंतु संस्थेपाशी ते टिकून राहते.

पर्यावरणाचे उदाहरण याच जिल्ह्यातले देतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळाने या कावेरीच्या खोऱ्यातील नारळीच्या बागा भुईसपाट केल्या. निमल राघवन हे संगणक अभियंता तेव्हा दुबईतील नोकरीतून सुटीवर आपल्या गावाकडे आले होते. मदतकार्यात ते गुंतले आणि परत गेलेच नाहीत. पुढच्याच वर्षी पेरावूरणीच्या शेतकऱ्यांबरोबर त्यांनी तेथील ५०० एकरांहून मोठ्या तलावाचा गाळ काढण्याचे काम लोकवर्गणीतून उभे केले. आपण सर्वांनी नोकरी सोडावी, असे मी सुचवीत नाही. पण गाळ कोठे आहे आणि पाणी कोठून येते, हे गावातल्या शेतकऱ्यांना विचारून मग काम हाती घेतले, म्हणून तलाव भरला. येथील बृहदीश्वर मंदिराशेजारच्या शिवगंगा तलावाचे पाणी भूमिगत वाटांनी शहरातील अय्यनकुळमपर्यंत नेले जात असे. बुजलेल्या त्या वाटा अलीकडे शोधून पुन्हा वाहत्या केल्या आहेत. तलाव पुन्हा जिवंत करणे म्हणजे त्याकडे येणारी वाट शोधणे.

आता आपल्यापुरते सांगतो. या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या कारभाराचे मोडीतील कागद एक हजाराहून अधिक रुमालांत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, ही त्या विद्वानांची मोठी सेवा. परंतु कागद मराठी आहेत. त्यांची भाषा जाणणारी माणसे आपल्यासारख्या शाळांतून निघतात. पोर्तुगीज, फ्रेंच किंवा संस्कृत जाणणारा अभ्यासक जगात कोठेही मिळेल. मोडीतला मराठी कागद वाचणारा आपल्याखेरीज कोण देणार? येथील संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध करणारे आर्थर बर्नेल हे पेशाने न्यायाधीश होते. पेशा वेगळा असला म्हणून विद्येची सेवा अडत नाही.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, शाळेने माजी विद्यार्थ्यांसाठी मोडीचा वर्ग सुरू करावा; पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचा पुराभिलेख विभाग असे वर्ग घेत आलेले आहेत. दुसरी, ज्यांच्या कंपन्या स्वयंसेवेसाठी सुटी देतात, त्यांनी ती सुटी सुटी न खर्चता दोन-तीन वर्षे एकाच कामाला द्यावी. तिसरी, ग्रंथालय असो वा तलाव, प्रथम तेथील जाणत्यांना विचारावे. मोडी येऊ लागली म्हणून कोणी उत्साहाने रुमाल सोडू नये. जीर्ण कागदाला उत्साहापेक्षा शिस्त अधिक मानवते.

शाळेने साठ वर्षे आपल्याला अक्षरे दिली. ती अक्षरे जेथे कोणी वाचायची थांबली आहेत, तेथे आपला थोडा वेळ जावा, एवढेच मागणे मागतो आणि आपली रजा घेतो.