तळहातावरची फौज

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी पेंटर आहे. चित्रकार म्हणत नाही, कारण गावात मला कोणी चित्रकार म्हणत नाही. बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या खोऱ्यात आमचे नामपूर. कांद्याचे आणि डाळिंबाचे गाव. इथल्या आडत दुकानांच्या पाट्या, कृषी सेवा केंद्रांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावे, निवडणुकीच्या भिंती हे सगळे मी कित्येक वर्षे रंगवले. आज मात्र मी तुम्हाला सांगणार आहे जेमतेम सव्वा इंच उंचीच्या सैनिकांविषयी. तेही आपल्या काळातले नव्हेत, अडतीस हजार वर्षांनंतरचे!

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याचा माझा भाचा आमच्याकडे येऊन राहिला. दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचे काम, संध्याकाळ मोकळी. एके दिवशी त्याने ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरले आणि बॅगेतला एक खोका उघडला. आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना चिकटलेले सुटे हात, पाय, डोकी, बंदुका. माझी आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने आमच्या अहिराणीत विचारले, "हाई काय शे भो?"

भाचा म्हणाला, "आजी, हे सैनिक आहेत. आधी जोडायचे, मग रंगवायचे, आणि मग टेबलावर त्यांची लढाई खेळायची."

आईचा पुढचा प्रश्न साधा होता. एवढे पैसे मोजलेच होते, तर तयार, रंगवलेले का नाही आणले? भाचा हसला. मलाही तेव्हा उत्तर सुचले नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

का राहिला, ते कळण्यासाठी माझ्या धंद्याविषयी थोडे सांगायला हवे. लहानपणी पोळ्याला आम्ही काळ्या मातीचे बैल करायचो. शिंगांना बेगड लावायची, पाठीवर झूल रंगवायची. त्यातून हाताला वळण लागले. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आणि एका पेंटरच्या हाताखाली लागलो. पत्रा घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, खडूच्या दोरीने रेघ मारायची, मग अक्षर. अक्षराला सावली कशी द्यायची हे शिकायला मला दोन वर्षे लागली. पाटी पूर्ण झाली की खाली उजव्या कोपऱ्यात आपले नाव, बारीक अक्षरात.

मग फ्लेक्स आला. ज्या पाटीला मला दोन दिवस लागत, ती यंत्रातून तासाभरात बाहेर पडू लागली, तीही मालकाच्या फोटोसकट. मी यंत्राला दोष देत नाही. मी दुकानदार असतो तर मीही फ्लेक्सच घेतला असता. पण ब्रश डब्यात पडून राहिले. मी घरांना रंग द्यायला लागलो. भिंतीवर रोलर फिरवायला कोणीही चालतो. पोटापुरते मिळत होते, पण उजव्या हाताला जे येत होते ते आता कोणालाच नको आहे, ही जाणीव फार वाईट असते, श्रोतेहो.

तर अशा माणसासमोर भाच्याने ते करडे सैनिक ठेवले आणि म्हणाला, "मामा, एक तुम्ही रंगवून बघा."

पहिला सैनिक मी पार बिघडवला. पत्र्यावर लावतो तसा डब्यातला ऑइलपेंट जसाच्या तसा लावला. चिलखतावरचे खिळे, पट्टे, बोटे सगळे त्या रंगाच्या सायीखाली बुडाले. म्हटले, पुसून काढू. कापसाला एनसी थिनर लावले आणि तोंडावरून फिरवले, तर रंगाबरोबर तोंडच विरघळले! हे प्लॅस्टिक त्या थिनरने वितळते. तीस वर्षे रंगात हात घातलेला माणूस मी, पण त्या दिवशी भाच्यासमोर मान खाली घालावी लागली. तो बिनतोंडाचा सैनिक मी टाकलेला नाही. अजून खिडकीत उभा आहे.

मग मी मुळापासून शिकलो. आधी कटरने एकेक अवयव चौकटीतून सोडवायचा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकवर केसाएवढी रेघ राहते. ती चाकूच्या धारेने खरवडायची, नाहीतर रंग दिल्यावर ती आणखी उठून दिसते. जोडायला जे द्रावण वापरतात ते खरे म्हणजे डिंक नव्हेच. ते दोन्ही कडा किंचित वितळवते आणि त्या एकमेकींत मुरतात, वेल्डिंगसारख्या. जोडला की सैनिक औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे हाताचा स्पर्श रंगाला होत नाही. त्यानंतर अस्तर. अस्तराशिवाय रंग धरत नाही, हा नियम पत्र्याला आणि प्लॅस्टिकला सारखाच.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. ते पातळ करून दोन हात द्यायचे, एक जाड हात कधीच नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे रंग बघता बघता सुकतात. त्यावर युक्ती अशी की पसरट डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बटरपेपर आणि रंग त्या कागदावर. खालून ओल मिळत राहते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. गावातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून डोळ्याला लावायचे भिंग आणले आणि कामाला बसलो.

यातली खरी गंमत आता सांगतो. आपण उन्हात उभे राहिलो तर नाकाची सावली ओठावर पडते, शर्टाच्या चुण्यांत काळोख दिसतो. पण सव्वा इंचाच्या माणसाचे नाक मोहरीएवढेसुद्धा नसते. त्याची सावली डोळ्याला जाणवत नाही. म्हणून सपाट रंग दिला की तो खेळणे दिसतो. मग रंगवणाऱ्यानेच सावली रंगवायची असते आणि ऊनही. काळपट रंगाचे पाणी करून अंगावर सोडायचे. ते आपोआप खाचांमध्ये जाऊन बसते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून वरच्या उंचवट्यांवरून हलका फिरवायचा आणि शेवटी चिलखताच्या कडांवर फिक्या रंगाची केसासारखी रेघ ओढायची. श्रोतेहो, ती रेघ ओढताना माझ्या हाताने मला ओळखले! पाटीवरच्या अक्षराला मी आयुष्यभर हेच करत आलो होतो. ऊन डावीकडून वरून, सावली उजवीकडे खाली. फक्त अक्षर फुटाचे होते आणि इथे सगळा माणूसच सव्वा इंचाचा.

आमच्याकडे मांगीतुंगीच्या डोंगरात भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती अखंड पाषाणात कोरली आहे. २०१६ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. तिच्या पायाशी उभे राहिले की मान वर करून बघावे लागते. या सैनिकांसाठी मान खाली घालून, श्वास रोखून बघावे लागते. पण बघणे दोन्हीकडे तितकेच लागते, असे माझे मत झाले आहे.

हा खेळ आला कुठून, हेही मी भाच्याकडून समजून घेतले. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्‌झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून लढाईचा सराव करण्याची पद्धत बसवली. पुढे १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये शिशाच्या सैनिकांशी खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने आले. पुस्तकाचे नाव 'लिटल वॉर्स' आणि लेखक कोण, तर एच. जी. वेल्स. मंगळावरच्या प्राण्यांनी पृथ्वीवर स्वारी केल्याची कादंबरी लिहिणारे तेच वेल्स! विज्ञानकथा आणि टेबलावरची लढाई यांचे नाते इतके जुने आहे. पुढे १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला ते बैठ्या खेळांचे लाकडी पट हाताने करून विकायचे. म्हणजे तेही पाट्या-फळ्यांतलेच कारागीर, असे मी भाच्याला म्हणालो. याच कंपनीने १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ काढला. भाच्याचे सैनिक त्यातले.

या खेळाला बुद्धिबळासारखी घरे नसतात. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या आणि पडक्या इमारती. कोण किती पुढे सरकला हे टेपने इंचात मोजायचे आणि गोळी लागली की नाही हे फाशांनी ठरवायचे. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि पुढचा सगळा इतिहासच बदलतो. या टेबलावर दर फाशाला तसे जर-तर असते.

टाळेबंदी उठल्यावर भाच्याचा मित्र आला आणि दोघांनी आमच्या पडवीत डाव मांडला. मी तीन संध्याकाळी घालवून रंगवलेला सैनिक पहिल्याच फेरीत मेला आणि टेबलावरून बाजूला गेला. मी नकळत "अरे अरे!" म्हणालो. भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या डावात तो परत येईल." शेजारचे एक निवृत्त फौजी काका खुर्ची टाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे ही सोय नव्हती."

पडवीत क्षणभर कोणी बोलले नाही. वेल्स यांनीही आपल्या पुस्तकाच्या शेवटी हाच विचार मांडला आहे. खेळातल्या लढाईवरून खरे युद्ध किती मोठी चूक आहे ते कळते, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक आले १९१३ मध्ये आणि १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. काकांच्या त्या वाक्यानंतर मी सैनिक रंगवताना चेहऱ्याकडे जास्त लक्ष देऊ लागलो.

जाताना त्या मित्राने विचारले, "मामा, माझे दहा सैनिक रंगवून द्याल का? मजुरी सांगा." शहरांमध्ये असे पैसे देऊन रंगवून घेणारे असतात, हे मला ठाऊक नव्हते. मी संकोचत आकडा सांगितला. त्याने तो वाढवून दिला! रक्कम फार मोठी नव्हती. पण फ्लेक्स आल्यापासून ब्रशच्या टोकाने कमावलेले ते माझे पहिले पैसे होते. दहाही सैनिकांच्या बैठकीखाली मी भिंग लावून आपले नाव घातले, पाटीवर घालायचो तसे. आता अधूनमधून पुण्याहून खोके येतात. त्यावर घर चालत नाही, ते घरांच्या रंगकामावरच चालते. पण संध्याकाळी हात रिकामा नसतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आमच्या बागलाणचा साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजेने मोगलांना उघड्या मैदानात हरवले. त्या दिवाळीत भाचा म्हणाला, पुण्यात लहानपणी आम्ही किल्ले करायचो, इथे साल्हेर करू. गल्लीतली पोरे जमली. दगड, माती, गोणपाट, वर पेरलेली मोहरी. मातीचे मावळे आणले ते सगळे एकाच साच्यातले, एकाच चेहऱ्याचे. मी प्रत्येक पोराच्या हातात एक मावळा आणि शून्य नंबरचा ब्रश दिला आणि पातळ रंग कसा लावायचा ते दाखवले.

दोन दिवसांनी बघतो तर एकही मावळा दुसऱ्यासारखा नव्हता. एकाला पांढऱ्या मिशा होत्या. एकाच्या मुंडाशाला रंगीत काठ होता. एका मुलीने तर सूर्यराव काकडे वेगळे रंगवले, कारण साल्हेरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले हे मी गोष्टीत सांगितले होते. तिने त्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी आडवे ठेवले, आणि दिवाळी संपेपर्यंत त्यांना कोणालाही उचलू दिले नाही.

त्या संध्याकाळी आई काठी टेकत किल्ला बघायला आली. पांढऱ्या मिशांचा मावळा तिने उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि त्या पोराला म्हणाली, हा तर तुझा आजा! पोरगा लाजला. खरोखरच त्याने आजोबांना बघून मिशा काढल्या होत्या.

मी आईला म्हणालो, "तू विचारले होतेस ना, तयार का नाही आणले? तयार आणला असता तर हा आजा कुठून आला असता?" ती काही बोलली नाही. मावळा जागेवर ठेवला आणि त्याचे तोंड दरवाजाकडे वळवले.

श्रोतेहो, यंत्राने माझ्या पाट्या नेल्या. आज हे सैनिकही यंत्रच बनवते, आता तर घरातल्या थ्रीडी प्रिंटरवरही ते छापता येतात. पण ते बाहेर पडतात एकाच रंगाचे, एकाच चेहऱ्याचे. पुढचे काम ते हातासाठी सोडतात. तुमच्या घरात एखादा पोरगा असा खोका घेऊन बसला असेल तर त्याला लगेच रागावू नका. खोका महाग वाटला तर पोळ्याचा मातीचा बैल घ्या, एक बारीक ब्रश घ्या आणि त्याच्याशेजारी बसा. मात्र रंग पातळ करा, आणि थिनर लांब ठेवा!