नागीण, हडळ आणि बारा तासांची शिफ्ट

(चौल येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



टीव्हीवरच्या मालिका आणि बाई, या विषयावर कुणी बोलायला उभं राहिलं की पुढचं भाषण आपल्याला तोंडपाठ असतं. बायका भरजरी साड्या नेसून झोपतात, सासू कट करते, सून रडते, तेव्हा टीव्ही बंद करा. मी तसं काही सांगणार नाही. मी या मालिका बघते. त्यातही भुताखेतांच्या, नागिणींच्या, जादूटोण्याच्या मला जास्त आवडतात. सगळं आवरून, ओटा पुसून मी टीव्हीसमोर बसले की मला कुणी हाक मारलेली चालत नाही. कार्यकर्त्या मैत्रिणी यावरून माझी थट्टा करतात. करू देत. आवडीने बघणारी बाई जेवढं बारकाईने बघते तेवढं नावं ठेवणारी बघत नाही, असं माझं मत आहे. इतकी वर्षं बघून जे दिसलं तेच आज मांडते.

१९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' सुरू झाली. क्रूरसिंगच्या भुवया आणि त्याचं 'यक्कू' इथल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. ती मालिका नीरजा गुलेरी या बाईने केली होती, हे फार थोड्यांना आठवतं. मूळ गोष्ट देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ सालच्या हिंदी कादंबरीतली. त्या गोष्टीत चपला नावाची एक ऐयारा आहे, चंद्रकांतेची मैत्रीण. ऐयारी म्हणजे वेष पालटणं, बेशुद्धीची औषधं वापरणं, माग काढणं, कैदेतून निसटणं. ही विद्या आहे. शिकावी लागते, शिकवता येते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका पुरुषाने लिहिलेल्या अद्भुत गोष्टीत बाईची ताकद ही तिने कमावलेली होती.

आता पुढे या. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'कलर्स'वर 'नागिन' सुरू झाली आणि सगळ्या हिंदी मालिकांच्या पुढे गेली. पुढे तिची पर्वामागून पर्वं आली. नागीण आईबापांच्या खुनाचा सूड घेते. ताकद भरपूर, पण ती जन्मजात. मराठीत २०२२ साली 'झी मराठी'वर 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' आली. तितीक्षा तावडेची नेत्रा पुढे घडणाऱ्या गोष्टी आधी बघू शकते, कारण ती सातव्या मुलीची सातवी मुलगी आहे. इथेही तेच. तिने काही शिकलेलं नाही, तिला मिळालेलं आहे. जी सातवी नाही तिने काय करायचं? नेत्राची वाट बघायची.

त्या मालिकेचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आधी बाळंतपणं मोजली. आजीची सात, आईची सात, चौदा झाली. त्यांच्या कंबरेचं काय झालं असेल यावर कुणी भाग लिहिला नाही. पण थट्टा सोडा. ज्या महाराष्ट्रात सातवी मुलगी पडद्यावर तारणहार म्हणून आली, त्याच महाराष्ट्रात नको असलेल्या मुलींची नावं 'नकुशी' ठेवली जात होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची समारंभ करून नवी नावं ठेवावी लागली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्यात झाला, तोही बायकांच्या संघटनांनी रान उठवलं म्हणून. तरी आकडा खाली गेला. पडद्यावरची सातवी मुलगी आपण आवडीने बघतो. घरातल्या दुसरीलाच 'पुन्हा मुलगी का?' असं विचारलं जातं.

आता भुतांकडे वळते. आपल्या कोकणात भुतांना तोटा नाही. घरातल्या जुन्या बायकांना विचारा, त्या जाती सांगतील. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात मेली तर हडळ, कुठे तिला अळवंत म्हणतात. गावोगाव थोडा फरक पडतो, पण धागा तोच. बाई कोणत्या प्रकारचं भूत होणार हे तिचा नवरा जिवंत होता की नाही आणि तिच्या कुशीचं काय झालं यावर ठरतं. पुरुषाचं भूत जातीधर्मावरून, लोभावरून, बुडून मेला की कसा यावरून ठरतं. मुंजा काय तो लग्नावरून. मेल्यावरसुद्धा बाईची नोंद नवऱ्याच्या खात्यात! आणि बाळंतपणात मेलेली बाई हडळ, हे जरा नीट ऐका. जिला सुईण वेळेवर मिळाली नाही, रक्त मिळालं नाही, तिला आपण जगवू शकलो नाही. वर तिचीच भीती बाळगली.

मालिकांनी हे सगळं जसंच्या तसं उचललं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली, सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, अशा तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. मी तिन्ही पर्वं बघितली. शेवंता मला फार आवडायची. अण्णा नाईकांनी जिला बायको म्हणून घरात आणलं नाही, ती मेल्यावर मात्र सगळ्या कुटुंबाला पुरून उरते. जिवंतपणी बोलली तर निर्लज्ज, मेल्यावर बोलली तर सगळे घाबरून ऐकतात. माझ्यासारख्या कितीतरी जणींना ती का आवडली हे मला चांगलं कळतं. आपलं ऐकलं जावं म्हणून मरावं लागत नसतं, तर शेवंता एवढी लोकप्रिय झालीच नसती.

उलट जून २०२४ मध्ये आलेला आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा घ्या. गोष्ट कोकणातली, भाषेत मराठी पेरलेली. आपल्याहून मोठ्या मुलीशी लग्न करायचंच म्हणून एक मुलगा सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यात मरतो आणि मुंजा होऊन पुन्हा लग्नासाठी मुलीच्या मागे लागतो. नकार न ऐकणारा, पाठलाग करणारा मुलगा. थिएटर हसत होतं. मीही काही ठिकाणी हसले, सिनेमा चांगला बांधलेला आहे. पण शेवंताला बघून किंकाळी आणि मुंज्याला बघून हशा, हा फरक मला घरी येईपर्यंत टोचत राहिला.

त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना तुम्हाला आठवत असेल. ९ तारखेला कोलकात्याच्या रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. १५ तारखेला 'स्त्री २' प्रदर्शित झाला. त्यात एक मुंडकं नसलेलं भूत गावातल्या स्वतंत्र वागणाऱ्या मुलींना पळवून नेतं आणि त्यांना वाचवायला बाईचंच भूत यावं लागतं. शेकडो कोटींचा धंदा झाला. १९ तारखेला केरळमध्ये हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. २० तारखेला बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराविरुद्ध लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. सगळं अकरा-बारा दिवसांत. पोलीस, शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याकडून काही होईल असं बाईला वाटेनासं झालं की ती भुताकडे बघायला लागते. यात बाईला मूर्ख म्हणण्यासारखं काही नाही.

पण याची दुसरी बाजू आमच्याच आळीत बघितली. एक काकी एकट्या राहतात. नवरा गेलेला, मुलं मुंबईला. सुपारीची थोडी बाग, दोन मांजरं, बोलणं तोडून. शेजारच्या बाळाला ताप येऊन तो उतरेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'काकी कशा बघतात ते बघितलंस का? अगदी रूपालीसारख्या.' रूपाली म्हणजे नेत्राच्या मालिकेतली दुष्ट बाई, ऐश्वर्या नारकरांनी रंगवलेली. आधी ती थट्टा होती. मग काकींना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही, पण ते विधवेला एरवीही जात नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मुलांना त्यांच्या अंगणातून जायची बंदी झाली. मग एका सकाळी दारात लिंबू आणि टाचण्या. 'भुताळी' हा शब्द उघड उच्चारला गेला.

आम्ही चौघीजणी त्या घरी गेलो. भांडायला नाही, बाळाला बघायला. त्याला अलिबागला सिव्हिलमध्ये न्यायला लावलं. मग कायदा सांगितला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर जो अखेर झाला, तो जादूटोणाविरोधी कायदा. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. तक्रार करायची वेळ आली नाही, कायदा आहे एवढं कळल्यावर घरातल्या पुरुषांचा आवाज खाली आला. काकी मात्र अजून फारसं कुणाकडे जात नाहीत. गंमत म्हणजे त्याही तीच मालिका बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, 'ती रूपालीच तेवढी कामाची. बाकीच्या नुसत्या रडतात.'

मालिकेच्या सुरुवातीला पाटी येते की हे सर्व काल्पनिक आहे. ती वाचायला चष्मा शोधेपर्यंत ती निघून जाते. पाटीने काकींचं काही भलं झालं नाही. मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. दुष्ट बाई दाखवायची तर प्रत्येक वेळी तिला जादूटोणाच का यावा लागतो, एवढंच विचारते. दुष्टपणा करायला सही, सातबारा आणि मृत्युपत्र पुरतं, हे आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

आता ज्या बाया हे सगळं आपल्यासाठी करतात त्यांच्याबद्दल. माझ्या लहानपणी जत्रांमधून 'नागकन्या'चा तंबू असायचा. तोंड मुलीचं, अंग नागाचं. मुलगी फळीला भोक पाडून त्यातून मान वर काढून बसलेली असे, खाली कापडाचा नाग. मी पैसे देऊन दोनदा बघितली आणि आईला विचारलं, हिला लघवीला कधी सोडतात? आईने चापट मारली. उत्तर दिलं नाही.

हेमा समितीच्या अहवालात मला तोच प्रश्न सापडला. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, सिनेमातल्या बायका संघटित झाल्या, त्यांच्या रेट्यामुळे सरकारने ही समिती नेमली. २०१९च्या अखेरीस अहवाल सादर झाला आणि जवळजवळ पाच वर्षं दडपून ठेवला गेला. लैंगिक शोषणाबद्दल वर्तमानपत्रांनी भरभरून छापलं, ते योग्यच होतं. पण त्याच अहवालात आहे की चित्रीकरणाच्या जागी संडास नसतात, कपडे बदलायला आडोसा नसतो, म्हणून बायका पाणी पीत नाहीत. आमच्या भागात एका वाडीत शूटिंग आलं होतं तेव्हा मेकअप करणारी एक मुलगी शेजारच्या घरी येऊन संकोचत विचारत होती, 'काकू, जाऊन येऊ का?' मालिकांची शिफ्ट साधारण बारा तासांची असते. वर घरून येण्याजाण्याचा वेळ.

मोठ्या नट्यांचंही वेगळं नाही. शेवंता करणारी अपूर्वा नेमळेकर २०२१ साली मालिकेतून बाहेर पडली. वजनावरून टोमणे मारले गेले आणि पैसे थकले, असं तिने स्वतः जाहीरपणे लिहिलं. शेवंता वेगळ्या नटीसह पुढे चालू राहिली. आणि दीपिका पदुकोण. 'कल्की २८९८ एडी' या २०२४च्या अद्भुत सिनेमात ती गर्भवती आहे, तिच्या पोटातलं मूल वाचवण्यासाठी सगळी लढाई चालते. त्याच वर्षी तिला खरोखरची मुलगी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की पुढच्या भागात ती नाही, अशा सिनेमाला बांधिलकी लागते. आठ तासच काम करण्याच्या तिच्या मागणीची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली. पुढे एका मुलाखतीत ती म्हणाली की कितीतरी पुरुष नट वर्षानुवर्षं आठ तासच काम करतात, त्याची बातमी होत नाही. ती कोट्यधीश आहे, तिची काळजी आपण करायला नको, असं कुणी म्हणेल. मान्य. पण तिला जे मागून मिळत नाही ते मेकअप करणाऱ्या मुलीने कुणाकडे मागायचं?

तर आपल्या हातात काय आहे ते सांगते. चॅनेलवरच्या मजकुराविरुद्ध तक्रार ऐकायला २०११पासून बीसीसीसी नावाची परिषद आहे. तिचा पत्ता टीव्हीच्या पडद्यावर खालून सरकत जातो, तो लिहून घ्यायचा. एकीने लिहिण्यापेक्षा गटाने लिहायचं, आणि 'संस्कृती बिघडते' असं मोघम नको. कोणती मालिका, कोणती तारीख, कोणत्या प्रसंगात एकट्या बाईला चेटकीण दाखवली, असं नेमकं. दुसरं, शूटिंगसाठी वाडी किंवा घर भाड्याने मागायला लोक येतात तेव्हा पैशांची बोलणी घरातले पुरुष करतात. तिथे आपण दोन प्रश्न विचारायचे. बायकांच्या संडासाची सोय कुठे? तक्रार समितीत कोण आहे, तिचा फलक कुठे लावणार? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती लागतेच. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपलं जिल्ह्याचं ठाणं अलिबाग, इथून एसटीने जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. स्वयंपाकाला, गर्दीत उभं राहायला आपल्यातल्या ज्या जातात त्यांनाही हे लागू आहे.

पुढच्या बैठकीत भाषण नको, एखाद्या मालिकेचा एक भाग सगळ्याजणी मिळून बघू या. काकींनी यायचं कबूल केलं आहे. कोणती मालिका ते मात्र त्याच ठरवणार, अशी त्यांची अट आहे.