सीडी विकताना कागदाचंही खरं सांगा



आमच्या मामंजींना गाण्यांचा फार नाद. ते गेले, प्लेअर बंद पडला, आणि कपाटात साठेक सीडी राहिल्या. भजनं, नाट्यगीतं, भावगीतं. भंगारवाला किलोवर मागत होता. मुलगी म्हणाली, "आई, थांब. जुन्या सीडी जमवणारे लोक असतात. ऑनलाइन विकू."

पहिली सीडी १५० रुपयांना गेली. फोटो टाकला होता तो नुसत्या चकतीचा. चार दिवसांनी घेणाऱ्या काकांचा फोन आला, "ताई, आतली पुस्तिका कुठंय?" ती कधीच हरवलेली. मी म्हटलं, "गाणी तर वाजतात ना?" ते म्हणाले, "गाणी मोबाइलवरही मिळतात. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे त्या कागदावर असतं." पैसे परत केले, टपालखर्च अंगावर पडला.

तेव्हा कळलं, सीडी म्हणजे चार वस्तू. चकती, डबी, पुढची पुस्तिका आणि मागचा गाण्यांच्या यादीचा कागद. चारही गोष्टींचे फोटो टाका. डबी फुटली असेल तर फार बिघडत नाही, तशीच दुसरी मिळते. छापील कागद मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून तो ओल्या फडक्यानं पुसू नका, चिकटलेली किमतीची चिठ्ठी ओढून काढू नका. डाग असेल, कोपरा फाटला असेल, मूळ कागदाऐवजी झेरॉक्स असेल, तर आधीच लिहा.

चकती पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. छापील बाजूही जपा. गाणी साठवणारा पातळ थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तिथं खोल ओरखडा गेला की सीडी संपलीच.

पाठवताना डबी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे पावसाची भीती नाही. मग बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. दोन्ही बाजूंना डबीपेक्षा मोठे जाड पुठ्ठे लावून घट्ट बांधा. हलवून बघा, आत काही खुळखुळता कामा नये.

आणखी एक. घरी कॉपी केलेल्या सीडी विकायच्या नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो गुन्हा आहे. खालची बाजू चंदेरी नसून हिरवट-निळसर दिसली, तर ती बहुधा कॉपी समजा.

दुसऱ्या वेळी मी सगळं लिहिलं, "पुस्तिकेला पाण्याचा डाग आहे. मागच्या कागदावर शाईनं सासऱ्यांचं नाव आहे." वाटलं, आता कोण घेणार? त्याच काकांनी घेतली. म्हणाले, "डाग चालतो ताई, फक्त आधी कळायला हवा."

पापड विका, नाहीतर सीडी विका, मैत्रिणींनो, उणं असेल ते आपणच आधी सांगावं. गिऱ्हाईक परत येतं ते त्यामुळंच.